एक हात खिशात

रत्नागिरीत मान वर करून माडाकडे बघणारी माणसं दोन प्रकारची. पहिली नारळ मोजतात. दुसरी नारळाकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना हवा असतो शेंडा, आणि त्या शेंड्यापासून समोरच्या माडाच्या शेंड्यापर्यंतचं मोकळं अंतर. ते वीस मीटर भरलं की यांचा चेहरा खुलतो, कारण चाळीस मीटर बँडची तार बरोबर तेवढी लागते. मग पाडेल्याची मनधरणी सुरू होते. नारळ पाडायचा दर झाडामागे ठरलेला असतो. तार बांधायचा दर पाडेली भीतीमागे लावतो. "वर शॉक बसंल काय?" हा त्याचा पहिला प्रश्न आणि "तुमी का चढत नाय?" हा दुसरा. पहिल्याला उत्तर आहे.

ही माणसं म्हणजे हौशी रेडिओवाले. दुकान थाटून रेडिओ दुरुस्त करणारे नव्हेत, आणि आकाशवाणीत नोकरीला असलेले तर मुळीच नव्हेत. यांना या उद्योगातून छदाम मिळत नाही, उलट जातो. त्यांच्यात पुन्हा पोटजाती. काही नुसतेच ऐकतात, लांबलांबची स्टेशनं पकडतात, 'तुमचं प्रसारण अमुक वाजता असं असं ऐकू आलं' असं पत्र धाडतात आणि उलटटपाली येणारी रंगीत कार्डं जिवापाड जपतात. काही बोलतातही. त्यांना हॅम म्हणतात. बोलायला परवाना लागतो. त्याची परीक्षा बारा वर्षं पुरी झालेल्या पोराला देता येते. वरच्या श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्द या वेगाने मोर्सची कट्टकडकट्ट यावी लागते. पास झालं की दिल्लीहून व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारं एक नाव मिळतं. बारशाला ठेवलेल्या नावापेक्षा माणूस या नावाला जास्त जपतो. घरात 'अहो', बाहेर 'मास्तर', आणि हवेत व्हीयू-टू.

परवान्याआधी पोलीस चौकशी होते. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर दिघी-शेखाडीला स्फोटकं उतरली, तेव्हापासून कोकणात कोणी नवी तार टांगली की चार डोळे तिकडे वळतात, आणि ते वळायलाच हवेत. आमच्या आळीत अशा चौकशीला हवालदार आले होते. ओटीवर बसले, कोकम सरबत झालं, वही उघडली.

"हे मशीन घेऊन करणार काय?"

"बोलणार."

"कोणाशी?"

"जो भेटेल त्याच्याशी."

"ओळख नसली तरी?"

"ओळख नसेल तरच मजा."

"म्हणजे धंद्याचं काही बोलणं असणार."

"छे हो. धंद्याचं बोलायला तर नियमानेच बंदी आहे."

हवालदारांनी पेन थांबवलं. फुकट, अनोळखी माणसाशी, बिनकामाचं बोलायचं, त्यासाठी दिल्लीहून परवाना आणायचा, वर हजारोंचं यंत्र घ्यायचं, हे त्यांच्या नोकरीत बसणारं नव्हतं. शेवटी त्यांनी आत स्वयंपाकघराकडे बघत सहानुभूतीच्या स्वरात विचारलं, "वहिनींची हरकत नाही ना?"

मी या मंडळींच्या कट्ट्यावर चहापुरता बसतो. तिथे दोनच विषय असतात. एक, यंत्राला काही होऊ नये. दोन, बँडवर फार गर्दी झाली आहे. यंत्र चालवणाऱ्याला काही होऊ नये ही चिंता तिथे कोणी करत नाही. ती घरच्या माणसांकडे असते.

आमच्या कट्ट्यावरच्या मास्तरांचंच बघा. त्यांच्याकडे अजून व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर आहे. त्यात ८०७ नावाचा व्हॉल्व्ह. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचं भंगार मुंबईच्या चोरबाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर येऊन पडलं, आणि त्यावर इथल्या हौशी मंडळींच्या पिढ्या पोसल्या. या ८०७ ची खोड अशी की त्याच्या बाकीच्या पिना खाली, सॉकेटात, दृष्टीआड. आणि जिथे पाचशे-सहाशे व्होल्ट असतात ती टोपी मात्र थेट डोक्यावर, उघडी. झाकण उघडून आत बोट घालणाऱ्या माणसाचं बोट जिथे पहिल्यांदा जाईल, नेमकी तिथे. शिवाय बटण बंद केलं, प्लग उपसून काढला, तरी फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते. ती आधी उतरवायची असते. उतरवताना ठॉक्कन आवाज होतो, ठिणगी उडते आणि माजघरातून "काय झालं?" अशी हाक येते. "काही नाही" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

जुन्या लोकांनी यावर एक नियम घालून दिलेला आहे: चालू सेटमध्ये हात घालायचा तर दुसरा हात खिशात. एका हातातून शिरलेली वीज दुसऱ्या हातातून बाहेर पडली तर वाटेत काळीज लागतं, म्हणून. नियम उत्तम आहे, पण तो पॅंट घालणाऱ्या देशात जन्मला. आमचे मास्तर उन्हाळ्यात पंचा नेसतात आणि पंच्याला खिसा नसतो. बरीच वर्षं ते दुसरा हात पाठीमागे धरून काम करत. त्यामुळे ते दुरुस्ती करताहेत की शाळा तपासताहेत हे लांबून कळत नसे. अखेर वहिनींनी पंच्यालाच खिसा शिवून दिला. आता त्या खिशात टेस्टर, दोन स्क्रूड्रायव्हर आणि तपकिरीची डबी असते. हात मावत नाही.

त्याहून कपटी जात म्हणजे बिनट्रान्सफॉर्मरचे जुने एसी-डीसी सेट. त्यात घरातल्या विजेची एक तार थेट लोखंडी चासीला जोडलेली असे. प्लग सुलट लागला तर ठीक, उलटा लागला तर अख्खी चासी जिवंत. वरून लाकडी कपाट, पुढे बेकेलाइटचं बटण, सगळं सोज्वळ. पण बटण आवळणारा तो बारकासा स्क्रू चासीशी नातं ठेवून असे. आमच्या ओळखीच्या एका घरात आजी सकाळी रेडिओवर हात ठेवून अभंग ऐकायची आणि तिला झिणझिण्या यायच्या. ती त्या विठ्ठलाच्या मानत असे. नातवाने प्लग फिरवून दिला तेव्हा झिणझिण्या थांबल्या, आणि आजीने रेडिओ ऐकायचं सोडलं.

विजेचं एक वेळ कळतं. हवेचं काय करायचं? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि समुद्राची खार हवा तर बारमाही. जपानात बनलेल्या यंत्राला मांडवीचा पावसाळा म्हणजे काय ते कोणी सांगितलेलं नसतं. जोडांवर हिरवं कीट चढतं, गँग कंडेन्सरच्या पात्यांवर बुरशी धरते, पाल ट्रान्सफॉर्मरच्या उबेला अंडी घालते. यावर कोकणातला उपाय जुना आणि स्वस्त: कपाटात चाळीसचा बल्ब कायम जळता ठेवायचा. उपाय लागू पडतो. फक्त एवढंच होतं की आषाढात अख्ख्या घरात कोरडी जागा तेवढी एकच उरते आणि ही बातमी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. एका मित्राच्या किमती सेटला सांडग्यांचा वास येतो. सेटवर पापडाचे डबे, सेटखाली कुरडया, आणि मधोमध जपान.

आता अर्थिंग. आपल्याकडे जमीन जांभ्याची. घर बांधायला चिरा उत्तम, पण सड्यावर पावसाचं पाणी थांबत नाही आणि वैशाखात कातळ असा सुकतो की वीज जमिनीत मुरायला राजी नसते. म्हणून खोल खड्डा खणायचा, कोळसा आणि मीठ भरायचं, मध्ये पाइप पुरायचा आणि उन्हाळाभर त्याला पाणी घालायचं. मास्तरांकडे सकाळी हे नेमाने चालतं. वहिनी तुळशीला पाणी घालतात, मास्तर पाइपाला. मे महिन्यात आलेल्या एका चाकरमान्याने कुंपणापलीकडून हे बघितलं.

"काय लावलंय हो?"

"अर्थिंग."

"कलमी की रायवळ?"

खरी कसोटी वळवाच्या दिवसांत लागते. वीज कडाडायला लागली की एरियलची तार सेटमधून काढायची आणि खिडकीबाहेर टाकायची, हे प्रत्येक हौशी माणूस दुसऱ्या हौशी माणसाला सांगत असतो. पण गंमत अशी की वीज लांब असतानाच रेडिओला कळते. मिऱ्याच्या डोंगराआड ढग दिसायच्या कितीतरी आधी मीडियम वेव्हवर खरखर सुरू होते, मग कडकड वाढत जाते. तेव्हा वीज कुठवर आली हे समजायला हवं म्हणून सेट चालू ठेवावा लागतो, आणि सेट चालू ठेवायचा म्हणून एरियल काढता येत नाही. या युक्तिवादात मला अजून कोणी चूक दाखवलेली नाही. दाखवतात ती घरची माणसं. पण त्यांचा आवाज कडकडाटात ऐकू येत नाही.

शेजाऱ्यांची चिंता मात्र वेगळ्या जातीची. त्यांना ८०७ दिसत नाही, कंडेन्सर माहीत नाही. त्यांना दिसते ती वर टांगलेली तार, आणि खाली गळलेला मोहोर. हापूसच्या मुलखात मोहोर गळाला की आरोपी लागतोच. अवकाळी पाऊस, तुडतुडे, फुलकिडे हे नेहमीचे संशयित. पण त्यांना जाब विचारता येत नाही. मास्तरांना येतो. "तुमच्या लहरींनी माझं कलम गेलं," असं म्हणत एक बागायतदार आले तेव्हा मास्तरांनी त्यांना शांतपणे समजावलं की सेट शंभर वॅटचा आहे, म्हणजे जुन्या काळच्या एका मोठ्या बल्बाएवढी शक्ती, आणि त्या लहरी पानात थांबतच नाहीत, पुढे ब्राझीलला जातात. बागायतदार विचारात पडले. "म्हणजे तिथले आंबेपण गेले." पुढच्या वर्षी झाडाला पान दिसू नये इतका आंबा आला. त्याचं श्रेय तारेला द्यायला कोणी आलं नाही.

गर्दीकडे वळू. मीडियम वेव्हचा पट्टा ५३१ पासून १,६०२ किलोहर्ट्झपर्यंत, दर नऊ किलोहर्ट्झवर एक जागा. म्हणजे सगळ्या मिळून १२० जागा. त्या १२० जागांत आशिया, आफ्रिका, युरोप सगळ्यांना बसवायचं असं १९७५ साली जिनिव्हात ठरलं आणि १९७८ पासून अमलात आलं. दिवसा हे निभतं, कारण उन्हात वातावरणाचा खालचा एक थर या लहरी पिऊन टाकतो आणि प्रत्येक स्टेशन आपापल्या पंचक्रोशीत गुमान राहतं. त्यामुळे दिवसा रत्नागिरी ११४३ वर, सांगली १२५१ वर, पणजी १२८७ वर, मुंबईची अस्मिता ५५८ वर, अशी शेजारधर्माने वागणारी वस्ती डायलवर असायची. सूर्य बुडाला की तो थर विरतो, लहरी आणखी वर जाऊन परततात आणि हजारो मैलांवरचे पाहुणे दारात उभे राहतात. मग मीडियम वेव्हची गणपतीच्या आदल्या दिवशीची कोकण रेल्वे होते: आरक्षण कोणाचं, बसलंय कोण, आणि दारात लोंबकळणारा अरबीत का गातोय, काही कळत नाही. आपल्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्र सपाट पसरलेला, मध्ये डोंगर नाही की घाट नाही. आखाती देशांतली स्टेशनं रात्री घाटमाथ्यावर चढण्याआधी आम्हाला भेटून जातात.

शॉर्ट वेव्हची गर्दी आणखी वरच्या दर्जाची. १९५२ साली माहिती आणि नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली आणि त्याच साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. एका मराठी मंत्र्याने शास्त्रीय संगीताच्या उद्धारासाठी जे केलं त्यातून अख्खा देश शॉर्ट वेव्ह लावायला शिकला. बुधवारी रात्री अमीन सयानींचा आवाज लाटेसारखा वर यायचा, मग खाली जायचा, आणि पहिल्या नंबरचं गाणं सांगायच्या नेमक्या क्षणी शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचा कोणी चिनी निवेदक मध्ये तोंड घालायचा. त्याला आळीतून जे ऐकवलं जायचं ते त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही हे दोन्ही देशांच्या संबंधांच्या दृष्टीने बरंच झालं. पुढे १९७६ पासून सोव्हिएत युनियनचं एक प्रचंड रडार सेकंदाला दहा वेळा टकटक करत जगभरच्या शॉर्ट वेव्हवर चोच मारू लागलं. जगाने त्याला सुतारपक्षी म्हटलं. १९८९ मध्ये ते थांबलं. आळीतल्या एका काकांनी तोवर त्या टकटकीपायी रेडिओचे तीन भाग बदलून घेतले होते.

या गर्दीत एक पत्ता असा आहे की त्याच्यापुढे मी आदराने थांबतो. ऑगस्ट १९४२. चले जावची हाक दिली गेलेली, पुढारी तुरुंगात, आणि मुंबईत उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, बाबूभाई खाकर वगैरे तरुण मंडळींनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा सतत बदलायची, पोलीस मागावर. १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत त्यांनी हे चालवलं. प्रसारण ४२.३४ मीटरवर. गुणाकार-भागाकार केला तर हे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ येतं, म्हणजे आज ज्याला हॅम मंडळी चाळीस मीटर म्हणतात त्या पट्ट्याच्या ऐन मध्याजवळ. आज सकाळी तिथे सेट लावला तर काय ऐकू येतं?

"आमच्याकडे पाऊस आहे. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे उघडीप. आवाज फाइव्ह नाइन येतोय."

"तुमचाही फाइव्ह नाइन. नाव परत सांगाल का? गाव पण. आणि पाऊस आहे म्हणालात की नाही?"

फाइव्ह नाइन म्हणजे आवाज स्वच्छ आणि खणखणीत, पैकीच्या पैकी. हे गुण सगळे सगळ्यांना देतात. याहून कमी गुण दिले तर समोरचा दुखावतो, अँटेना तपासायला माडावर माणूस चढवतो आणि पाडेल्याचे पैसे तुमच्या नावावर मांडतो. तुरुंगवास भोगून आलेल्या उषाताईंनी हे संभाषण ऐकलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं, हा विचार माझ्या मनात येतो. पण परक्या सरकारची भीती न बाळगता पावसाबद्दल बोलता यावं, हेही त्या लढ्यात आलंच असणार.

हौशी माणसाची 'गर्दी फार' ही तक्रार नीट ऐकली की कळतं, तिचा अर्थ 'माझ्याशिवाय बाकीचे फार' असा असतो. कारण एरवी यांना एकांतच हवा असता तर रेडिओ कशाला घेतला असता? एखाद्या दुर्मीळ बेटावरून कोणी बोलतोय अशी कुणकुण लागली की हेच सज्जन हजारोंच्या घोळक्यात घुसून आपलं नाव ओरडायला लागतात. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून बोलत होत्या. अंदमानातून हॅमचा आवाज येणं अपूर्वाईचं, त्यामुळे जगातून झुंबड. २६ तारखेला त्सुनामी आली. बेटांचा संपर्क तुटला आणि त्यांचा सेट मदतीच्या निरोपांसाठी कामाला लागला. आदल्या दिवसापर्यंत कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं, त्याच बँडवर आता दुसऱ्याचे निरोप आधी जाऊ द्यायचे होते. आमच्या कट्ट्यावर हा किस्सा निघाला की कोणीच कोणाचं बोलणं मध्ये तोडत नाही. तोडण्यासाठी जन्मलेल्या माणसांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

आता गेल्या काही वर्षांत झालं काय, की ज्यांच्यावर चिडायचं ते पाहुणेच उठून गेले. रेडिओ ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या जानेवारीत शॉर्ट वेव्ह बंद केली. बीबीसी हिंदीने ३१ जानेवारी २०२० रोजी. एकामागून एक दिवे मालवत गेले. मास्तरांच्या जुन्या सेटच्या काचेवर अजून लंडन, मॉस्को, सिलोन छापलेलं आहे; काटा त्या गावावर नेला तर आत नुसती खरखर. चाळीस वर्षं 'गर्दी, गर्दी' म्हणून ओरडलेली माणसं आता 'काही राहिलं नाही हो' म्हणून उसासे टाकतात, त्याच खुर्चीत, त्याच वेळेला, जवळजवळ त्याच आवाजात.

ती खरखर मात्र आकाशातली नव्हे, हे ध्यानात आल्यावर तक्रारीला नवी पालवी फुटली. खरखर घरातली आहे. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीच्या डोक्यावरची डबी. या सगळ्यांच्या पोटात विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करणारी यंत्रणा असते. चांगल्या मालात तिच्यापुढे फिल्टर बसवलेला असतो. जत्रेतल्या मालात त्या जागी नुसतंच भोक असतं. मग ती वस्तू आपली वायर एरियल समजून प्रसारण करत बसते, परवाना नाही, परीक्षा नाही, हवालदार नाही. म्हणजे बँडवर आता स्टेशन एकही नाही आणि जागाही नाही.

हे किती खरं आहे ते निसर्ग वादळाने दाखवलं. ३ जून २०२० ला वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि आपल्याकडे दापोली-मंडणगड झोडपून गेलं. माडपोफळी आडव्या, छपरं उडालेली, आणि कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नाही. तिकडचे एक हौशी सद्गृहस्थ मला नंतर भेटले. घराची कौलं गेली होती, बागेत आक्रोश होता. ते सगळं सांगून झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या कानाजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पण बँड काय स्वच्छ झाला होता! गाडीच्या बॅटरीवर सेट लावला. सुई जागची हलत नव्हती हो. बारा वर्षांत ऐकलं नव्हतं ते ऐकलं." मग एकदम ओशाळले आणि पुन्हा कौलांवर आले. त्यांच्या शेजारणीने त्या दिवसांत येऊन विचारलं होतं, "भावोजी, तुमच्या मशीनवरून आमच्या पोराला डोंबिवलीला फोन लागेल काय?" थेट लागत नाही, पण डोंबिवलीकडचा एखादा हॅम हवेत गाठायचा आणि त्याने फोन करायचा, असं संकटकाळी करता येतं. हे समजावून होईपर्यंत ती म्हणाली, "म्हणजे फोन शेवटी लागतोच ना? मग तोच लावा."

एरवी, वीज असलेल्या दिवसांत, शत्रू शोधावा लागतो. त्याची पद्धत अशी. सेलवर चालणारा लहान ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावायचा आणि रात्री घरभर हिंडायचं. त्याच्या आतली फेराइटची दांडी दिशा दाखवते. जिकडे खरखर वाढेल तिकडे चोर. मास्तरांना मी या शिकारीला निघालेलं पाहिलं आहे. अंगात बंडी, खाली पंचा, कानाला ट्रान्झिस्टर, रात्री साडेदहाची वेळ. फ्रिजला कान लावला: निर्दोष. इन्व्हर्टर: थोडा दोषी, पण घरचा. सुनेचा चार्जर: चांगलाच दोषी, तो परस्पर काढून ठेवला, त्यावरून सकाळी जे व्हायचं ते झालं. तरी मूळ खरखर जाईना. मुख्य स्विच पाडला तर बँड लख्ख. चढवला की हजर. एकेक खोली करत मास्तर देवघराच्या दाराशी आले आणि ट्रान्झिस्टर अक्षरशः किंचाळला.

देवामागे एलईडीची माळ होती. गणपतीत लावलेली, मग दिवाळीला राहू दिलेली, मग कायमची झालेली.

"ही बंद करू का?" मास्तरांनी विचारलं.

"देव अंधारात ठेवायचा?" आतून वहिनी.

"समई आहे की."

"समई विझते. आणि तुमचा काय तो सुतारपक्षी हिच्यामुळे येतो, हे तुम्ही कशावरून म्हणता? मघा चार्जरवर आळ घेतलात, त्याआधी फ्रिजवर. चाळीस वर्षं तुमच्या मशीनने माझ्या घरात ठॉक-ठॉक केलं, मी कधी बंद करा म्हटलं?"

हे खोटं होतं. त्या रोज म्हणत आल्या आहेत. पण रात्री अकरा वाजता, देवघराच्या दारात, पंच्यावर उभं राहून हा मुद्दा लढवण्यासारखा नव्हता. तोडगा तांत्रिक निघाला. मास्तरांच्या डब्यात फेराइटचं एक काळं कडं होतं, दोन अर्धगोल मिटून वायरीवर बसणारं. त्यातून माळेच्या वायरीचे वेढे फिरवले की खरखर गिळली जाते. पूर्ण नाही, पण मुंबईचा माणूस ऐकू येण्याइतपत. मास्तरांनी ते बसवलं, ट्रान्झिस्टर जवळ नेला, आणि दोन गल्ल्यांपलीकडच्या कुत्र्याला जाग येईल असा निःश्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या कड्याला हळदकुंकू लागलेलं होतं. "बांधलंय म्हणजे कशासाठी तरी असणारच," वहिनी म्हणाल्या. त्याच संध्याकाळी शेजारच्या बागायतदारीणबाई आल्या, माळेकडे आणि कड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि जाताना मास्तरांना म्हणाल्या, "आणखी एक असलं तर द्या हो, आमच्या कलमाला बांधते."

मास्तर आत गेले. डब्यात एक शिल्लक होतं.